ओळख आणि पत



सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी आपल्या बऱ्हाणपुरात आला होता. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. त्या काळी दूरगावचा पैसा हुंडीवर फिरे. हुंडी म्हणजे कागदाचा तुकडा. पेढीची पत असेल तरच तो वटे.

आज आम्ही यंत्रमाग चालवतो, केळी पिकवतो. कापलेला घड थांबत नाही. भाव कोसळला की ठरल्या बोलीला कोणता व्यापारी जागतो, ते शेतकऱ्याला कळतं. त्या दिवशी खिशातली शंभर व्हिजिटिंग कार्डं कामाला येत नाहीत.

म्हणून मंडळातल्या तरुणांना आमचं सांगणं एवढंच : मंडपात कार्डं वाटत फिरू नका. आरती झाल्यावर चार माणसांत बसा, त्यांच्या धंद्यातली अडचण ऐका. आपल्याकडे माल नसेल, तर गिऱ्हाइकाला शेजारचं दुकान दाखवा. कापडात दोष असेल, तर विकण्याआधी सांगा. कारागिराची मजुरी ठरल्या दिवशी द्या. अशी ओळख जुळायला वर्षं लागतात. पण अडल्या वेळी तीच धावून येते.

गणपती बाप्पा मोरया!