परकी तार, आपला सूर



काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाचा कार्यक्रम आखण्याचे काम आमच्याकडे होते. एक शाळकरी मुलगा गिटार घेऊन आला आणि अभंग वाजवितो म्हणाला. "अभंगाला टाळ आणि पेटी हवी, हे वाद्य आपले नव्हे," असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले. तो पुन्हा आला नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

त्या वेळी आम्हांस दोन गोष्टींचे विस्मरण झाले होते. ज्या पेटीचे नाव आम्ही अभिमानाने घेतले, तीही युरोपातूनच आलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली होती. दुसरी गोष्ट तंजावरची. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांना आश्रय मिळाला आणि तेथील वडिवेलू यांनी व्हायोलिन आत्मसात केले. आज व्हायोलिनच्या साथीवाचून कर्नाटक संगीताची बैठक सुनी वाटते. एका मराठी राजाच्या औदार्याचा तो वारसा आम्ही एका वाक्यात विसरलो.

आता याच चेन्नईतील उदाहरण पाहू. 'कलाकार' (१९८३) या हिंदी चित्रपटातील किशोरकुमार यांनी गायिलेले निळ्या आकाशाचे गीत आपणांस ठाऊक आहे. त्याची मूळ चाल आदल्या वर्षीच्या एका तमिळ चित्रपटातील, आणि ती बांधणारे इळैयराजा. १९४३ साली पण्णैपुरम या खेड्यात ते जन्मले. लहानपणीच वडील बंधूंच्या मेळ्यात सामील होऊन गावोगाव लोकगीते गाइली. १९६८ साली ते मद्रासला आले. धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्य संगीताचे व्याकरण गिरविले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची अभिजात गिटारची परीक्षा सुवर्णपदकासह उत्तीर्ण केली, आणि सलील चौधरी यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवून पोट भरले. पुढे टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्यापुढे कर्नाटक संगीतासाठी शिष्य म्हणून बसले.

एवढे शिकून त्यांनी खेडे टाकून दिले काय? १९७६ च्या 'अन्नक्किळी' या पहिल्याच चित्रपटात त्यांनी गावची लोकधून शहराच्या वाद्यवृंदात आणली. १९८६ साली त्यागराज आणि बाख यांना एकत्र वंदन करणारी ध्वनिमुद्रिका काढली. मार्च २०२५ मध्ये लंडनला त्यांची सिंफनी सादर झाली, तेव्हा त्यांचे वय एक्याऐंशी होते.

यात मर्म काय? संगम घडला तो सरमिसळीने नव्हे. प्रत्येक परंपरेच्या दारी स्वतंत्रपणे विद्यार्थी होण्याने. गिटारवर कर्नाटक गमक काढणे सोपे नाही. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नाहीत, म्हणून तेथे बोट घसरते. गिटारला पडदे आहेत, आणि छेडलेला स्वर लवकर विरतो. तार ओढून त्या पडद्यांमधील सूर शोधावा लागतो. प्रसन्ना यांनी गिटारवर, तर दिवंगत यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनवर तो शोध आयुष्यभर घेण्याजोगा असल्याचे दाखविले.

आपणही येथे पडद्यांच्या मधलेच लोक आहोत. घरी मराठी, दारी तमिळ, शाळेत इंग्रजी. मुलांचे मराठी पातळ होत चालले, ही आपली चिंता खरी आहे. पण मुलाच्या हातातील वाद्य नाकारून भाषा वाचत नाही. त्या मुलाला आम्ही विचारावयास हवे होते ते एवढेच: "अभंगाचे शब्द येतात काय? त्यांचा अर्थ लागतो काय?" नसता, तर शिकविणे हे आमचे काम होते.

यापुढे या मंडळाच्या व्यासपीठावर वाद्य कोणाचे हे विचारले जाऊ नये, सूर किती साधला एवढेच पाहावे, अशी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची नम्र विनंती आहे. तो मुलगा आज कोठे असेल ते आम्हांस ठाऊक नाही. आपणांपैकी कोणास भेटला, तर आमचा निरोप सांगावा: त्याची जागा राखून ठेविली आहे.