मोटारीविना संसार

(कष्टकरी स्त्रियांच्या एका मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मोटार न बाळगता मुले कशी वाढवली, यावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय ऐकून मला प्रथम हसू आले, कारण मुंबईच्या उपनगरातील आमच्या चाळीत हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार या देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार, जीप वा व्हॅन नव्हती. प्रमाण होते ४.७ टक्के. तेव्हा मोटारीविना संसार हे कोणी घेतलेले व्रत नव्हे. तो बहुसंख्यांचा नित्याचा व्यवहार आहे. प्रश्न आहे तो हा व्यवहार कोणाच्या आधारावर चालतो, हा.

माझी थोरली मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा ती एकटी बेस्टच्या बसने शाळेत जाऊ लागली. मी थांब्यापर्यंत जात असे आणि बस नजरेआड झाली की भाजी घेऊन परतत असे. कंडक्टर तिला ओळखत. डोळा लागला तर हाक मारून उतरवत. दुमजली बस आली तर वरच्या मजल्यावरील पुढचे आसन मिळावे म्हणून तिची धडपड चाले. त्या आसनावरून तिने हे शहर पाहिले. गिरण्यांची धुराडी, खाडीचे पूल, बाजार, आणि आपल्याहून निराळी माणसे. मोटारीच्या मागच्या आसनावर बसवून शिकवण्याजोगी ही गोष्ट नव्हे. मुलांचे हे स्वातंत्र्य मी दिले असे लोक म्हणतात. वस्तुतः ते वेळेवर येणाऱ्या बसने दिले.

परंतु या जीवनाचे गोडवे गाण्यास मी येथे उभी नाही. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी लोकलच्या गर्दीत उभी राहून कामावर गेले. एक मूल कडेवर, दुसरे हाताशी आणि खांद्याला पिशवी अशा अवस्थेत रेल्वेचा पूल चढणे म्हणजे काय, हे येथील बहुतेकींना ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ती अशीच कामाला निघालेली माणसे होती.

‘रात्री-अपरात्री मूल आजारी पडले तर?’ असे हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मुलाला दम्याचा झटका आला त्या रात्री शेजारच्या खोलीतील रिक्षावाले काका दोन वाजता उठले आणि आम्ही इस्पितळात पोहोचलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. ज्या घराला असा शेजार नसेल त्याने काय करावे, याचे उत्तर मात्र शेजारधर्मात शोधून चालणार नाही.

म्हणून बसचा हिशेब मांडावाच लागतो. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या, आणि त्यांतील बहुतेक कंत्राटदारांच्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केल्यावर प्रवासी परत आले होते. मे २०२५ मध्ये ते दहा झाले. आजी, आई आणि मोठी मुलगी दवाखान्यात जाऊन आल्या की किमान भाड्यानेच तीसऐवजी साठ रुपये. ज्यांना साठ रुपये म्हणजे काहीच वाटत नाही त्यांनी ही दरवाढ ठरवली असावी, असे मला वाटते. त्याच शहरात तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला गेला, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर बस धावते, हे मान्य. पण दुचाकीलाही तेथे मज्जाव आहे. रस्ता कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला, ते सांगावयास नको.

बस उशिरा येऊ लागली की तो वेळ कोण भरून काढते? घरातील स्त्री. मुलाला पाळणाघरात सोडणे, तेथून कामावर, परतताना रेशन, मग सासूबाईंचे औषध, अशा तिच्या फेऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक बस चुकली की सारी साखळी तुटते आणि पगार कापला जातो तोही तिचाच.

माझी थोरली आता राज्यातील दुसऱ्या एका शहरात राहते. गेल्या पावसाळ्यात तान्ह्या बाळाला घेऊन ती थांब्यावर पाऊण तास उभी होती. रात्री तिचा फोन आला, ‘आई, हप्त्याने मोटार घेऊ का?’ जिने बसच्या खिडकीतून जग पाहिले तिला मी नको म्हणू शकले नाही. मी एवढेच म्हटले, घे. पण त्याआधी महिनाभर थांब्यावर एक वही ठेव आणि कोणती गाडी किती वाजता आली ते लिही. तिने शेजारणींनाही त्यात ओढले. ती वही घेऊन येत्या सोमवारी अकराजणी तेथील परिवहन कार्यालयात जाणार आहेत. मीही जाणार आहे, अर्थात एस.टी.ने.