कोल्ह्याला बोलावतं कोण?

मैत्रिणींनो, दिवसाची कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल. कुणाच्या अजून भाकऱ्या चालल्या असतील, तर थापता थापता ऐका.

मी टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला राहते. घरामागं छोटी परसबाग आहे: काकडी, शिराळी, मिरची, थोडा मका आणि कडेला कोंबड्यांचा खुराडा. बचत गटातून कर्ज काढून मी बारा गावठी कोंबड्या घेतल्या होत्या. मागच्या पावसाळ्यात दोन रात्रींत त्यातल्या चार गेल्या. सकाळी पाहिलं तर कुंपणाखाली माती उकरलेली, पिसं बांधापर्यंत सांडलेली आणि तयार झालेल्या दोन काकड्या अर्धवट खाल्लेल्या. चिखलात कुत्र्यासारखी पावलं होती, पुढं नखं उमटलेली. सासूबाई म्हणाल्या, "कोल्हाच गं. रात्री कोल्हेकुई ऐकली मी."

एक खूण लक्षात ठेवा. कोल्ह्याच्या पावलात कुत्र्यासारखी नखं दिसतात. मांजराच्या आणि बिबट्याच्या पावलात सहसा नखं उमटत नाहीत. मुरबाड-शहापूरकडच्या बायांनो, पाऊल मोठं आणि बिननखांचं दिसलं तर रात्री एकटीनं परसात जाऊ नका. वनखात्याला कळवा.

तर, चार कोंबड्या गेल्या म्हटल्यावर घरात राग आलाच. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, आज रात्री कुंपणाला करंट सोडतो. सकाळी कोल्हा आडवा पडलेला असेल." मी क्षणभर हो म्हणणार होते, खोटं कशाला बोलू? मग आठवलं, सासूबाई पहाटे चारला उठून परसातनंच मोरीकडे जातात. पावसात ओली जमीन, पायात चप्पल नाही. कोल्हा आडवा पडायचा तेव्हा पडेल, आधी माझी सासू पडली असती. मी भाऊजींना म्हटलं, "कोंबडी परत घेता येईल. आई कुठून आणाल?" त्यांनी वायर गुंडाळून ठेवली.

मैत्रिणींनो, घरातली वीज थेट कुंपणात सोडून माणसं मेली आहेत, गुरं मेली आहेत. बाजारात झटका मशीन मिळतं ते वेगळं, त्यात क्षणभराचा झटका देऊन थांबण्याची सोय असते. आकडा टाकून किंवा बोर्डातनं वायर ओढून केलेलं कुंपण म्हणजे फास. विषाचंही तेच. विष घातलेला तुकडा कोल्हाच खाईल असं नाही. तुमचा कुत्रा खाईल, शेजारच्या कोंबड्या टोचतील, रांगतं पोर तोंडात घालेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्ह्याला संरक्षण आहे. त्याला मारणं हा गुन्हा आहे.

मग करायचं काय? मी दुसऱ्या दिवशी परसात उभी राहून नीट पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. बाजाराच्या दिवशी मासळी साफ करून डोकी आणि आतडी मी कुठं टाकत होते? खुराड्याशेजारच्या खड्ड्यात! वर मातीसुद्धा ओढत नव्हते. कोल्हा नाकानं जगणारा प्राणी. आधी त्या वासानं आला, मग त्याला कोंबड्या दिसल्या. त्याला जेवायला मीच बोलावलं होतं.

कोल्हा नुसतं मांस खात नाही. उंदीर, घुशी, खेकडे, मेलेली जनावरं, बोरं, जांभळं, मका, कलिंगड, काकडी, जे मिळेल ते खातो. ठाण्याच्या खाडीला तिवरांत कोल्हे राहतात, ते खेकडे-मासळीवर जगतात. आता इमारती तिवरांना आणि माळाला भिडल्यात आणि कचरा उघडा पडलेला असतो. सोपं खाणं मिळालं की तो रोज येणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे बोलावणं बंद करा. मासळी-मटणाचा कचरा हातभर खोल पुरा, वर माती दाबा आणि दगड ठेवा. खरकटं रात्री उघडं ठेवू नका. कुत्र्याचं ताट जेवण झालं की उचला. पिकलेली काकडी, चिबूड वेलावर रात्रभर ठेवू नका, संध्याकाळीच तोडा. वेल मांडवावर चढवले तर फळ जमिनीला लागत नाही.

दुसरं काम खुराड्याचं. कोंबड्या दिवेलागणीच्या आधी मोजून कोंडा. खुराडा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच माचावर घ्या. कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ जाळी दातानं तुटते, त्यापेक्षा वेल्डिंगची जाड जाळी घ्या. भोकं इंचाहून लहान असली तर मुंगूसही आत शिरत नाही. दाराला नुसती दोरी नको, कडी लावा.

तिसरं काम कुंपणाचं. कोल्हा बहुतेक खालून उकरून येतो. म्हणून जाळी जमिनीखाली फूटभर गाडा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. उकरायला लागला की पायाला जाळीच लागते. वर माणसाच्या छातीपेक्षा उंच ठेवा. जाळीला पैसे नसतील तर काट्यांची वई दाट घाला, बुडाशी मोठे दगड रचा आणि सागरगोट्याची झुडपं लावा. दर आठवड्याला फेरी मारून नवं भोक दिसलं की लगेच बुजवा. दिवा लावला, डबा वाजवला तर तो चार दिवस बिचकतो, पाचव्या दिवशी सवय होते. त्यावर विसंबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोल्हा एरवी माणसाला घाबरून पळतो. पण भर दिवसा न घाबरता अंगावर येत असेल, लडखडत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर त्याला रेबीज असू शकतो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता. असा कोल्हा दिसला तर पोरांना घरात घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. मेलेल्या कोल्ह्यालाही हात लावू नका.

चावलाच किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही भरू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं मिळते, आता ती पोटात देत नाहीत. सांगितलेल्या तारखांची सगळी इंजेक्शनं पुरी करा. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर वाचतो. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी लस द्या.

आमच्या घरी खड्डा हलवला, खुराडा माचावर घेतला, बुडाशी दगड लावले. भाऊजींनीच जाळी गाडली. कोल्हा अजून येतो, बांधावर त्याची पावलं दिसतात. पण तो बांधावरूनच जातो आणि जाता जाता माझ्या भातातले उंदीर खातो. म्हणजे आता तो माझंच काम करतो म्हणायचं! कोंबड्या पुन्हा अकरा झाल्यात. गटाचा हप्ता वेळेवर जातो.

उद्या दिवेलागणीला कोंबड्या कोंडाल, तेव्हा परसाला एक फेरी मारा. कोल्ह्याच्या नाकानं वास घ्या, कोल्ह्याच्या उंचीनं वाकून पाहा. काय उघडं आहे, कुठून शिरता येईल, ते तुम्हालाच दिसेल. आणि जे दिसेल ते पुढच्या बैठकीत गटातल्या बायांना सांगा. कारण माझा खड्डा झाकला आणि शेजारणीचा उघडा राहिला, तर कोल्हा आमच्या आळीला यायचा थांबणार नाही.

येते मी. रामराम!