सहीकडून पुन्हा अंगठ्याकडे

(उमापूर, ता. गेवराई येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषयाची निवड मात्र मंडळाने माझ्यावर सोपवली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजवण्यात घालवलेला मनुष्य. यंत्रशास्त्रात किंवा कायद्यात मला गती आहे असा माझा मुळीच दावा नाही. तरीही आज मी अंगठ्याविषयी बोलणार आहे. कारण अंगठ्याशी माझे वैर फार जुने आहे आणि अलीकडे त्या वैऱ्याने मला उतारवयात पुन्हा गाठले आहे.

माझे आजोबा निरक्षर होते. तो निझामाच्या राजवटीचा काळ. सावकाराच्या दप्तरी त्यांच्या नावापुढे ‘निशाणी अंगठा डाव्या हाताचा’ एवढेच लिहिलेले असे. हा अंगठा पुष्कळदा कोऱ्या कागदावर घेतला जाई आणि वरचा मजकूर सावकाराच्या सवडीने मागाहून भरला जाई. आमची चार एकर काळी जमीन अशीच गेली. घरात त्याविषयी कोणी फारसे बोलत नसे. परंतु वडिलांनी मला शाळेत घातले तेव्हा मास्तरांना त्यांनी एकच विनंती केली, ‘याला आधी सही शिकवा, बाकीचे सावकाश शिकवा.’

पुढे मीच मास्तर झालो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात साक्षरतेची मोहीम निघाली, तेव्हा रात्रीच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात मी कित्येक बायाबापड्यांची बोटे धरून पाटीवर फिरवली. त्यांत आमच्या आळीतील एक वृद्ध मावशी होत्या. अंगठा उठवल्यावर बोटाची शाई केसांना पुसण्याची त्या काळी सर्वांचीच रीत, मावशींचीही होती. तीन महिन्यांच्या खटाटोपानंतर त्या बँकेत गेल्या, कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे केली, ती मावशींनी बोटानेच परत सरकवली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत आपले नाव लिहिले. मला पुढे जे काही मानसन्मान मिळाले त्यांत या प्रसंगाची सर कशालाच नाही.

आज तीस वर्षांनी त्याच मावशींच्या सुना-नातवंडांना अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. शिकलेली सून आणि न शिकलेली सासू एकाच रांगेत एकाच यंत्रावर बोट टेकवतात. सहीला कोणी विचारीत नाही. आम्ही शाईतून सोडवलेला अंगठा काचेवर जाऊन बसला आहे.

हे ठसे घेण्याचे शास्त्र परदेशातून तयार होऊन आले असा आपला समज असतो. वस्तुतः ते आपल्याच भूमीवर वाढले. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू एवढाच की, पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी बसवण्याचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांनी केले आणि ती पद्धती जगभर प्रसिद्ध झाली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. असो.

ट्रान्सवालमध्ये १९०६ साली हिंदी लोकांवर दहाही बोटांचे ठसे देण्याची सक्ती करणारा कायदा पुढे आला, तेव्हा ११ सप्टेंबर रोजी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी त्याविरुद्ध प्रतिज्ञा घेतली. सत्याग्रहाचा उगम तेथला. परंतु त्याच गांधीजींनी १९०८ च्या आरंभी सरकारशी तडजोड झाल्यावर आपण होऊन ठसे देण्याचे कबूल केले आणि त्याबद्दल आपल्याच एका देशबांधवाचा मार खाल्ला. सरकारने वचन पाळले नाही असे दिसताच ऑगस्टमध्ये दोन हजारांवर परवान्यांची होळी झाली. मुलांना हा धडा शिकवताना मला पूर्वी यात विसंगती वाटे. आता वाटत नाही. त्यांचा झगडा बोटाशी नव्हताच. बोट मी माझ्या मर्जीने पुढे करतो की कोणी माझे मनगट धरून ते टेकवतो, हा त्यातील प्रश्न होता.

आधारची पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत पहिले बारा आकडी क्रमांक वाटण्यात आले. दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा यांची नोंद होऊन मनुष्यास एक क्रमांक मिळतो. यात काहीच भले नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वी मेलेल्यांच्या नावावर साखर उचलली जात होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या तालुक्यातील ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात असतात. आता शिधापत्रिकेवरील धान्य त्यांना तेथील दुकानातही मागता येते. ही सोय क्रमांकामुळे झाली.

परंतु ज्या हातांसाठी ही सोय केली तेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत, याला काय म्हणावे? कोयता चालवून, पाचट सोलून, मोळ्या बांधून बोटांवरील रेषा पुसून जातात. उसाचे पान पात्यासारखे असते. हंगाम संपवून परतलेल्या बाईने तीन वेळा अंगठा लावावा आणि तिन्ही वेळा यंत्राने नकार द्यावा, हे मी दुकानाबाहेरच्या ओट्यावर बसून पाहिले आहे. ती बाई यंत्रावर रागावली नाही. ती आपल्याच अंगठ्याकडे अपराध्यासारखी पाहत राहिली. वास्तविक ठसा न जुळल्यास धान्य नाकारू नये, अन्य मार्गाने ओळख पटवून अपवाद म्हणून नोंद करून द्यावे, असे आधार प्राधिकरणाचे २४ ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रकच आहे. काही ठिकाणी बुबुळांवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही काम होते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि मलाही ते ठाऊक नसल्यामुळे मी त्या दिवशी गप्प बसलो, ही गोष्ट येथे कबूल करतो.

माझी स्वतःची कथाही थोडी सांगतो. नोव्हेंबर महिन्यात आम्हा निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो यंत्रावर अंगठा लावूनही देता येतो. गेल्या नोव्हेंबरात मी एका केंद्रावर गेलो. डावा अंगठा लावला, उजवा लावला, दहाही बोटे लावून झाली. केंद्रचालक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, बोट जरा केसांना घासा, तेल लागलं की उमटतं.’ केसांना शाई पुसण्याचे दिवस मी पाहिले होते. केसांचे तेल बोटाला लावण्याचे दिवस पाहणे बाकी होते. माझ्या डोक्यावर त्यासाठी पुरेसे केस उरलेले नाहीत, तो भाग निराळा. यंत्राने मला जिवंत मानण्याचे साफ नाकारले. अखेर बँकेतील साहेबांनी छापील नमुना पुढे केला, मी त्यावर सही केली आणि जिवंत झालो.

आता चोरीची गोष्ट. आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातच पैसे काढण्याची सोय आहे. त्यासाठी बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट, एवढ्या तीन गोष्टी लागतात. खातेपुस्तक नको, सही नको. पैकी बँकेचे नाव ही काही गुप्त गोष्ट नव्हे. क्रमांक आपण गावभर झेरॉक्स करून वाटतो. राहता राहिले बोट. २०१८ साली तेलंगणात सिमकार्डे विकणाऱ्या एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांतून लोकांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी शिक्के बनवले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. पुढे याच युक्तीने इतर राज्यांत लोकांच्या खात्यांतून पैसे गेले. २०२३ पासून बोट जिवंत माणसाचे आहे की बनावट, हे पारखण्याची अधिक कडक व्यवस्था प्राधिकरणाने केली आहे. तथापि यासाठी रबराचा शिक्का लागतोच असे नाही. ‘आजी, ठसा उमटला नाही, पुन्हा लावा,’ एवढे शब्द पुरतात. पहिल्या वेळचे पैसे कोठे गेले हे आजीस पुढच्या महिन्यात कळते, किंवा कळतही नाही. आजोबांच्या कोऱ्या कागदाची मला येथे आठवण होते. निदान तो कागद समोर तरी दिसत होता.

आणखी एक. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. सहीची कोणी नक्कल केली तर सही बदलता येते. अंगठा बदलता येत नाही.

हे सारे न्यायालयासमोर गेले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी (आता ते हयात नाहीत) यांनी वयाची ऐंशी उलटल्यावर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही होते. चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतील १९७६ चा जो निर्णय चुकीचा ठरवला, तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव होते. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा मुख्यत्वे कायम ठेवला. सरकारी अनुदान आणि शिधा यांसाठी तो मागता येईल. मात्र शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती नको आणि खाजगी संस्थांना तो हक्काने मागता येणार नाही, असे ठरले. विरोधी मत चंद्रचूडांचे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँका आणि मोबाईल कंपन्या ग्राहकाच्या स्वेच्छेने तो घेऊ शकतात. ही ‘स्वेच्छा’ काउंटरवर किती टिकते, हे ज्याने सिमकार्ड विकत घेतले आहे त्याला मी सांगावयास नको.

खाजगीपण हा शब्द ऐकून पुष्कळांना हसू येते. ‘आमच्या घरात लपवण्यासारखे काय आहे, गुरुजी?’ असे मला परवाच एकाने विचारले. मी त्यास म्हटले, तुझ्या मुलीची जन्मतारीख, तुझ्या घराचा पत्ता आणि तुझा मोबाईल क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती बाजारात टाकून ये. तो गप्प झाला. आणि ही कल्पना नव्हे. मागील दिवाळीत मी बाजारातून शेंगदाण्यांची पुडी आणली. ती सोडून कागद उलगडला तेव्हा आत कोणा अनोळखी भगिनीच्या आधारपत्राची झेरॉक्स निघाली. छायाचित्र, जन्मतारीख, बाराही आकडे स्पष्ट. कोणत्या कार्यालयाच्या रद्दीतून ती आली, देव जाणे.

त्या रात्री मला आपल्या मंडळाचे लोखंडी कपाट आठवले, आणि आजच्या बोलण्याचे खरे कारण तेच आहे. गुणगौरवाच्या अर्जास आधारची प्रत, वधूवर मेळाव्यास आधारची प्रत, वैद्यकीय साहाय्यास साऱ्या कुटुंबाच्या आधारच्या प्रती. अशी गेल्या पाच-सहा वर्षांची बाडे त्या कपाटात पडली आहेत. त्याची किल्ली खिळ्याला टांगलेली असते. त्या प्रतींचा आजवर एकदाही उपयोग झालेला नाही. सरकार मागते म्हणून आपणही मागू लागलो, एवढेच. गतवर्षीच्या स्मरणिकेतील कुटुंबसूचीत तर आपण उपवर मुलींच्या जन्मतारखा आणि मोबाईल क्रमांक छापून गावोगाव वाटले. ती सूची तपासणारांत मीही होतो.

आमचे चिटणीस म्हणतात, आधार घेतला नाही तर परके लोक शिष्यवृत्ती नेतील. त्यांच्या काळजीचा मी आदर करतो. परंतु ज्या समाजात पोराचे नाव ऐकताच त्याच्या आजोळाचे गाव आणि मामाचे टोपणनाव निघते, त्यास परका ओळखण्यासाठी बारा आकड्यांची गरज भासावी, हे मला पटत नाही. गुणपत्रिका पाहावी, दोन सभासदांच्या सह्या घ्याव्यात. अगदीच प्रत हवी असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधारपत्र प्राधिकरणच देते. ते पाहून परत करावे.

कार्यकारी मंडळाने माझी विनंती मान्य केली, याबद्दल मी ऋणी आहे. आज भोजनानंतर मंडपाच्या डाव्या बाजूस ते कपाट उघडण्यात येईल. गठ्ठे गावाप्रमाणे लावून ठेवले आहेत. ज्याने त्याने आपल्या प्रती ओळखून घरी न्याव्यात. उरतील त्या सायंकाळपर्यंत अध्यक्षांसमोर जाळण्यात येतील. शेजारच्या टेबलावर आज सत्कार होणारी चार मुले आपापले मोबाईल घेऊन बसणार आहेत. आपल्या आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे. एकदा बंद केले की आपण उघडेपर्यंत कोणाच्याही यंत्रावर ते चालत नाहीत. शिधा घेण्यापूर्वी तेवढे उघडावे लागतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याकरिता आधारला जोडलेला मोबाईल सोबत लागेल आणि त्यावर येणारा ओटीपी आपला आपणच टाकावा, मुलांनाही सांगू नये. माझे कुलूप माझ्या नातीने गेल्याच आठवड्यात घातले आहे. ज्यांचा मोबाईल घरी राहिला असेल त्यांनी १९४७ या क्रमांकावर चौकशी करावी, किंवा रविवारी माझ्या घरी यावे.