पटावरील नाव आणि वर्गातील जागा

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेसाठी मला 'दिव्यांग मुलांचे कायदेशीर हक्क' हा विषय नेमून देण्यात आला आहे. कायदा हा वकील व न्यायाधीश यांचा प्रांत होय, शिक्षकाचा त्याच्याशी संबंध परिपत्रकापुरताच, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. प्रस्तुत विषयापुरती तरी ती खरी नाही. दिव्यांग मुलाची व कायद्याची पहिली भेट बहुधा जून महिन्यात शाळेच्या दारातच होते. बाप मुलाला खांद्यावर घेऊन येतो आणि विचारतो, "गुरुजी, ह्याचं नाव घालता का?" त्या वेळी आपण जे उत्तर देतो, त्यावरून त्या घराला देशाच्या कायद्याची पारख होते. यास्तव हा कायदा काय सांगतो, हे आपणास नेमके माहीत असावयास हवे.

प्रथम कायद्याचा प्रवास थोडक्यात पाहू. अपंग व्यक्तींसंबंधीचा पहिला व्यापक कायदा संसदेने १९९५ साली केला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार गणले होते. पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यास अनुसमर्थन दिले. दिलेला शब्द पाळावयाचा तर जुना कायदा अपुरा होता. म्हणून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आता प्रकारांची संख्या २१ आहे. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यांत आढळणारा सिकलसेलचा आजारही आहे. म्हणजे कुबडी किंवा काठी दिसली तरच मूल दिव्यांग, ही आपली जुनी खूण आता पुरेशी राहिलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. ही गणना झाली त्या वेळी २१ प्रकारांचा कायदा अस्तित्वात नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे "आमच्या गावात असे मूल नाही" हे विधान किती जपून करावयास हवे, ते कळून येईल.

आता प्रवेशासंबंधी. शासनाचे अनुदान अथवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलास भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे, असे अधिनियमाचे कलम १६ सांगते. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना कलम ३१ अन्वये मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे शिक्षण शेजारच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आहे. "याला विशेष शाळेत घाला" असे आपण पुष्कळदा सद्‌भावनेने म्हणतो. विशेष शाळेची माहिती देणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु ती माहिती देणे वेगळे आणि आपल्या शाळेचे दार लावून घेणे वेगळे. माहिती ऐकूनही पालकांनी आपली शाळा पसंत केली, तर तेथे वाद संपतो.

तीच गोष्ट घरी राहून शिकण्याची. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय खुला झाला. मात्र तो त्यांचा पर्याय आहे. मूल वर्गात त्रास देते म्हणून शाळेने त्याला घरी पाठविण्यासाठी योजलेली ती पळवाट नव्हे.

प्रमाणपत्राविषयीही बराच गैरसमज आहे. "आधी दाखला आणा, मग नाव घालू" असे सांगण्यास कायद्यात कोठेही आधार नाही. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हे शिष्यवृत्ती, भत्ते, आरक्षण इत्यादी लाभांसाठी लागते. प्रवेश आधी आणि प्रमाणपत्र मागून, असा क्रम आपण ठेवावा आणि ते मिळविण्याच्या कामी पालकांना साह्य करावे. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या रुग्णालयात दोन-तीन खेपा घालणे गरिबास परवडत नाही. अर्ज नीट भरून देणे, कोणती कागदपत्रे न्यावयाची ते लिहून देणे, एवढ्यानेही एक खेप वाचते.

इथवर पटावरील नावाची गोष्ट झाली. पण नाव पटावर आले म्हणजे मूल वर्गात आले, असे होत नाही. शाळा तपासणीच्या वेळी हजेरीपटात ज्याची हजेरी भरलेली दिसते, असे मूल प्रत्यक्षात खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात भिंतीस टेकून बसलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्याच्या हाती पुस्तक असते, परंतु प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. हजेरीपट खोटा नाही. मात्र कायद्याने मागितले आहे त्याच्या निम्मेही तेथे दिलेले नाही.

कायद्याची येथील अपेक्षा 'वाजवी सोय' या कल्पनेत सामावलेली आहे. मुलास इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून आवश्यक तो बदल करणे, मात्र असा बदल अवास्तव बोजा होईल इतका नसावा, असा तिचा अर्थ. आपल्या दोन खोल्यांच्या शाळेत तिचे रूप फार साधे असते. कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे, आपले ओठ दिसतील असे बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. अधू दृष्टीच्या मुलासाठी फळ्यावर ठसठशीत अक्षर काढावे व लिहिताना ते मोठ्याने वाचावे. चालता न येणाऱ्या मुलाचा वर्ग पायऱ्या नसलेल्या खोलीत भरवावा, आणि स्वच्छतागृहाची कडी त्याचा हात पोहोचेल इतकी खाली आहे की नाही, ते स्वतः पाहावे. ज्याचा हात लिहिताना सावकाश चालतो, त्याला वेळ अधिक द्यावा किंवा उत्तर तोंडी घ्यावे. यांपैकी बहुतेक गोष्टींस अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक शंका हमखास निघते. मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर? या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात दिले आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराने परीक्षेसाठी लेखनिक मागितला होता. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून ती मागणी नाकारली गेली. न्यायालयाने ठरविले की, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांपुरती आहे, वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या अटीने बांधलेला नाही. वर्गात टक्केवारी मोजून नव्हे, मुलाची अडचण पाहून सोय करावयाची, हा त्यातून आपण घ्यावयाचा बोध.

अध्ययन अक्षमतेसंबंधी विशेष सांगावयाचे ते असे. बुद्धी चांगली असूनही जे मूल अक्षरे उलटी काढते, ओळ गाळते, वाचताना अडखळते, त्यास आपण सहज 'ढ' म्हणून मोकळे होतो. शाळेने अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर हेरावी व अध्यापनात योग्य तो उपाय योजावा, असे कलम १६ मध्येच म्हटले आहे. जी गोष्ट आपण मुलाचा आळस समजत होतो, ती ओळखणे कायद्याने आपल्याकडे सोपविली आहे.

आणि नावांबद्दल. लंगड्या, बहिऱ्या, मुका, येडा ही हाक गावात सर्रास ऐकू येते, कारण हाक मारणाऱ्यास त्यात वावगे काही वाटत नाही. दिव्यांग व्यक्तीचा मानभंग करण्याच्या हेतूने चारचौघांत तिचा जाणूनबुजून अपमान करणे हा कलम ९२ अन्वये गुन्हा असून, त्यास ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. परंतु शिक्षेच्या भयापेक्षा आपला कित्ता अधिक परिणामकारक होय. गुरुजींनी वा बाईंनी मुलास त्याच्या खऱ्या नावाने रोज हाक मारली की महिन्याभरात वर्ग तीच हाक मारू लागतो, आणि वर्गाची हाक हळूहळू घरोघर जाते.

एखादे मूल घरात कोंडून ठेवले जाते, मारले जाते, उपाशी राहते, असे कानी आले तर काय करावे? कलम ७ अन्वये कोणाही व्यक्तीस याची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तालुक्यात तहसीलदारांकडे, देता येते.  अन्य तक्रारींसाठी शासकीय आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा असतो, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त पुणे येथे आहेत. या वाटा पालकांना ठाऊक नसतात. त्या दाखविल्याने शिक्षक शाळेच्या विरुद्ध गेला असे होत नाही.

आपल्या अडचणी मी जाणतो. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद आणि नित्य नवी माहिती भरण्याची घाई. अशा स्थितीत आणखी एक काम पदरी आले, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच एकट्याने भार वाहू नये. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना पत्राने बोलवावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय इतिवृत्तात घ्यावा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वनिधीतून ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. उतरण, कठडा यांसारख्या कामांसाठी तिच्याकडे लेखी मागणी करावी. तोंडी विनंती विसरली जाते. आवक नोंदवहीत चढलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

पुढील परिषदेपूर्वी प्रत्येकाने तीन कामे करावीत, अशी माझी सूचना आहे. गावात घरोघर फिरून शाळेबाहेर राहिलेले दिव्यांग मूल शोधावे. पटावर असलेल्या प्रत्येक दिव्यांग मुलापुढे त्याला कोणती सोय हवी, ते एका वहीत लिहावे, आणि ते लिहिण्यापूर्वी त्या मुलास व त्याच्या आईबापांस विचारावे. तिसरे काम असे की, आठवडाभर रोज त्या मुलास निदान एक प्रश्न विचारावा व उत्तरासाठी थांबावे. उत्तर उशिरा येईल, कदाचित खुणेने येईल, कधी चुकीचेही येईल. इतर मुलांचीही उत्तरे चुकतातच. चुकण्याचा तो सामान्य अधिकार या मुलास आजवर आपण क्वचितच दिला आहे.

ती वही पुढील परिषदेस सोबत आणावी. तिच्यातील नोंदींवरच आपण चर्चा करू.