चेहरा आणि नाव : सूनी तारापोरवाला



गौलीगुड्यापासून जवळच, टिळक रोडवर, पारशी अग्यारी आहे. शतकांपूर्वी इराणातून आलेल्या या समाजाने गुजराती भाषा आपलीशी केली, पण अग्नी विझू दिला नाही. याच समाजाची स्मृती जपणाऱ्या एका छायाचित्रकार लेखिकेचा हा अल्प परिचय.

सूनी तारापोरवाला यांचा जन्म १९५७ साली मुंबईत झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) या चित्रपटाच्या पटकथेने त्या लेखिका म्हणून ख्यातनाम झाल्या. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या पटकथेत दया पवार व अरुण साधू यांच्यासमवेत त्यांचाही वाटा आहे.

लेखणीने कीर्ती दिली, तरी कॅमेरा सुटला नाही. घरच्या वडीलधाऱ्यांपासून आरंभ करून सुमारे वीस वर्षे त्यांनी पारशी जीवन टिपले. त्या छायाचित्रांचा ग्रंथ त्यांच्याच लेखनासह २००० साली निघाला. पुढे २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

२००१ च्या जनगणनेत भारतातील पारशी ६९,६०१ होते. २०११ मध्ये ५७,२६४ उरले. या ओहोटीत त्या ग्रंथाचे मोल ध्यानी येते. छायाचित्र चेहरा राखते. तो कोणाचा, हे मात्र शब्दच सांगतात.

महाराष्ट्राबाहेर शंभर वर्षे मराठी ग्रंथ सांभाळणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. घरातील जुन्या छायाचित्रांमागे माणसांची नावे लिहून ठेवावीत, एवढीच विनंती.