खुकरी, कुठार, किरपाण, खंजर

युद्धनौकांवर बोलायला एका कवीला कशाला बोलावलं, असं आपल्याला वाटलं असेल. मला ओढून नेलं ते नावांनी. खुकरी, कुठार, किरपाण आणि खंजर. पहिली गोरखा सैनिकाच्या कमरेची, दुसरं नाव संस्कृतातलं, तिसरं पंजाबातलं आणि चौथं अरबी-फारसीतून आलेलं. आमच्या घरच्या दखनीत ते खंजरच; मराठीनं त्याचा खंजीर केला आणि कायम कुणाच्या तरी पाठीत खुपसून ठेवला. नौदलानं त्याला तिथून काढून समुद्रावर पाठवलं, याचं मला बरं वाटतं.

कॉर्व्हेट म्हणजे फ्रिगेटहून लहान लढाऊ जहाज. या चौघी साधारण ९१ मीटर लांब, सुमारे चौदाशे टनांच्या. जहाजांवर डागायची क्षेपणास्त्रं, पुढच्या बाजूला ७६ मिलिमीटरची तोफ, मागे चेतक हेलिकॉप्टर उतरेल एवढी जागा. गस्त घालायची, चाच्यांवर नजर ठेवायची, संकटात मदत पोहोचवायची आणि वेळ आली तर लढायचंही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं, कुठलंच काम नाही म्हणायची सोय नाही! पहिल्या दोघी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या, पुढच्या दोघी कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये. डिझेल इंजिनं मूळ फ्रेंच बनावटीची, जुळणी किर्लोस्करांची. १९८९ ते १९९१ या काळात चौघी नौदलात दाखल झाल्या.

पण यांतली तीन नावं नवी नव्हती. आधीच्या खुकरी, कुठार आणि किरपाण या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेट होत्या. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीर चक्र त्यांना मिळालं. किरपाण त्या रात्री जवळच होती, ती वाचली. या जुन्या जहाजांच्या सोनारचा पल्ला पाणबुडीपेक्षा तोकडा होता, हेही सांगायला हवं. शौर्याच्या गोष्टीत यंत्राची उणीव आपण फार लवकर विसरतो.

आमच्या कोकणातल्या नात्यातले एक दर्यावर्दी म्हणायचे, बुडालेल्या होडीचं नाव नव्या होडीला देऊ नये. नौदलानं नेमकं उलट केलं, आणि माझ्या मते तेच बरोबर. १९७१मध्ये ज्या घरी तार आली, त्या घरातल्या मुलाला पुढं अठरा वर्षांनी ऐकायला मिळालं की खुकरी पुन्हा समुद्रावर निघाली. त्याला काय वाटलं असेल, ते लिहायचा प्रयत्न मी केला आहे. कविता अजून झालेली नाही.

नवी खुकरी २३ ऑगस्ट १९८९ रोजी दाखल झाली. बत्तीस वर्षांत २८ कप्तान, सहा लाख चव्वेचाळीस हजारांहून अधिक सागरी मैल. पश्चिम आणि पूर्व, दोन्ही ताफ्यांत ती राहिली. नंतरच्या कोरा वर्गाच्या चार कॉर्व्हेट १९९८ ते २००४मध्ये आल्या, त्यांचीही नावं शस्त्रांचीच: कोरा, किर्च, कुलिश, कार्मुक. त्यांतलं ‘कुलिश’, म्हणजे वज्र, मला विशेष आवडतं.

किरपाणचं नशीब वेगळं. २२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनामच्या काम रान्ह बंदरात ती शस्त्रांसकट त्या देशाला भेट दिली गेली. चालू स्थितीतली कॉर्व्हेट भारतानं मित्रदेशाला देण्याची ही पहिलीच वेळ.

खुकरी त्याआधीच थांबली होती. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरचा ध्वज उतरवला गेला. मग ती दीवला नेली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी संग्रहालयासाठी तिथल्या प्रशासनाकडे दिली. दीवच्या टेकडीवर जुन्या खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती. आणि खरी जुनी खुकरी तिथून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, तळाशी आहे.